कोण आठवतं, आणि काय करताना?

निसर्ग चक्रीवादळ आलं, ३ जून २०२० ला, तेव्हा आमच्या वाचनालयाचे पत्रे उडाले आणि सगळ्यात जास्त भिजलं ते कादंबऱ्यांचं कपाट. ज्ञानेश्वरी, गॅझेटियर, शब्दकोश आतल्या खोलीत होते, ते बचावले. कादंबऱ्या रोज लागतात म्हणून दाराशी ठेवलेल्या, त्यांचा लगदा झाला. दाखल नोंदवहीत एकेकीपुढे ‘बाद’ लिहीत गेले तेव्हा दिसलं, की त्यांतल्या बहुतेक प्रेमकथा होत्या. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं छोटं गाव आमचं. इथे लोक वाचनालयाची पायरी चढतात ते मुख्यतः यासाठीच. कार्यकारी मंडळाच्या सभेत हे कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

कपाट पुन्हा भरायला बराच काळ गेला. आधी छप्पर, मग रॅक, मग पुस्तकं. ग्रंथखरेदीसाठी थोडे पैसे हाताशी आले तेव्हा सभेत वाद सुरू झाला. आमचे अण्णा मंडळावर सगळ्यांत जुने. त्यांचं म्हणणं, प्रेमकथा घ्यायच्याच तर नावाजलेल्या घ्या, हल्लीच्या आज वाचल्या की उद्या विसरल्या. दुसरीकडे कॉलेजच्या मुली मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव लिहीतच नाहीत, प्रकार लिहितात. ‘फेक डेटिंग’ आहे का? म्हणजे खोटंखोटं जोडपं व्हायचं आणि खरंच प्रेमात पडायचं. ‘ग्रंपी-सनशाईन’? म्हणजे एक घुम्या, एक हसरी. ‘एनिमीज टू लव्हर्स’, म्हणजे आधी वैर आणि मग प्रेम, तर विचारूच नका. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं तरी रील्समधून ही सगळी परिभाषा किनाऱ्यापर्यंत नीट पोचली आहे.

अण्णांचा मुद्दा मला पटला नव्हता, पण तपासून बघण्यासारखा वाटला. उद्या विसरतात का? मग उद्याच विचारू. म्हणून मी एक पद्धत बसवली. एका वितरकाकडून पाहण्यासाठी एक पेटी मागवली. मराठी, काही अनुवाद, काही इंग्रजी. त्यात भर पडली ती होमस्टेवाल्या वहिनींमुळे. मुरूड-कर्द्याला येणारे पाहुणे अर्धवट वाचलेल्या इंग्रजी प्रेमकथा खोलीत ठेवून जातात, त्या त्यांनी पिशवी भरून आणून दिल्या. पुस्तक परत आलं की मी काहीच विचारायचं नाही. तो वाचक पुढचं पुस्तक वाचून पुन्हा आला, की आधीच्या पुस्तकाबद्दल एकच प्रश्न: कोण आठवतं, आणि काय करताना? मुखपृष्ठ बघायचं नाही. ‘छान होती’ हे उत्तर चालणार नाही. पहिलं तोंडात येईल ते मी वहीत उतरवून घेणार.

पहिल्या काही उत्तरांतच एक गोष्ट साफ झाली. रूप कुणालाही आठवत नाही. या कादंबऱ्या नायकाच्या जबड्यावर, खांद्यांवर, डोळ्यांच्या रंगावर पानंच्या पानं खर्च करतात. वाचताना ती आवडतातही, एका मुलीने तर त्या ओळींचे फोटो काढून स्टेटसला ठेवले होते. पण पुढचं पुस्तक वाचून परत आली तेव्हा तिला ते डोळे निळे होते की तपकिरी हे सांगता येईना. नावंही जातात. वहीत नावं फार थोडी आहेत. ‘तो गुरांचा डॉक्टर’, ‘जिच्या बापाने दुकान बुडवलं ती’, ‘तो रात्रपाळीवाला’ अशाच नोंदी. लोकांना माणूस त्याच्या कामावरून आठवतो आणि त्याच्या अडचणीवरून.

मावशींची नोंद मी जशीच्या तशी देते. मावशी हर्णै बंदरात मासळी घेतात आणि दापोलीच्या बाजारात विकतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, म्हणून त्या दोन महिन्यांत त्या वाचतात, आणि झपाटून वाचतात. त्यांना मी एक अनुवादित कादंबरी दिली होती. नायिका वडिलांची कर्जात गेलेली बेकरी चालवते. नायक त्या बेकरीसमोरच मोठ्या साखळीचं दुकान काढायला आलेला. पुढे काय होणार हे पहिल्या प्रकरणात कळतं. मावशी म्हणाल्या, “ती पोरगी आठवतेय मना. रात्रचा फोन वाजतोय, त्याचाच हाय, तिला ठाव हाय. तरी आदी दिवसाचा हिशोब पुरा केलान, मंग फोन घेतलान.”

मी विचारलं, “आणि तो?”

“तो होता की. असायचाच.”

पावसाळा संपल्यावर एका संध्याकाळी मी मुद्दाम हर्णैला लिलाव बघायला गेले. होड्या लांब पाण्यात उभ्या असतात, मासळी बैलगाडीतून वाळूवर येते. बैल पोटापर्यंत पाण्यात. सुरमई, पापलेट, म्हाकूळ यांचे ढीग मांडले जातात, भोवती माणसांचं कडं पडतं आणि बोली चालू होते. मावशी त्या कड्यात उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बोली चढली की त्या डाव्या तळव्यावर बॉलपेनने आकडा लिहायच्या आणि मूठ मिटायच्या. घाम आणि पाणी लागून आधीचे आकडे पुसट झालेले, त्यावरच नवे. शेजारून कुणीतरी काही विनोद केला, त्यांनी मान वळवली नाही. ढीग सुटल्यावर मात्र त्याच माणसाकडे बघून खळखळून हसल्या. विनोद ऐकला होता; हसायची वेळ आता आली होती.

तेव्हा मला वाटलं, मावशींना ती बेकरीवाली आठवली कारण ती त्यांच्यासारखी आहे, विषय संपला. वाचक स्वतःलाच शोधतो वगैरे. पण वही पुढे सरकत गेली तसं ते टिकेना. आयटीआयला जाणाऱ्या एका पोराला आठवली ती सत्तरीची विधवा, जी दुसऱ्यांदा प्रेमात पडल्यावरही नवऱ्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक तितक्याच निगुतीने करते. त्याचं तिच्याशी काय साम्य? निवृत्त मुख्याध्यापक सरांनी तर नायक-नायिका दोघांनाही सोडून भलतीचीच आठवण सांगितली.

सरांना मी जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचायला लावली होती. १८१३ ची कादंबरी आधुनिक कशी, असं ते म्हणालेच. पण आजच्या ‘एनिमीज टू लव्हर्स’चा वंशवृक्ष काढायला बसलं तर मुळाशी हीच सापडते, म्हणून अंदाज घ्यायला ती हवी होती. सरांना आठवली नायकाच्या, डार्सीच्या, वाड्यातली कारभारीण. नायिका एलिझाबेथ मामा-मामींबरोबर वाडा बघायला जाते तेव्हा ही बाई सहज सांगते, की चार वर्षांचा होता तेव्हापासून ओळखते मी त्याला, कधी वाकडा शब्द बोलला नाही. सर म्हणाले, “शाळेत नवा शिक्षक आला की मी शिपायाला विचारायचो, कसा आहे रे. बाकीच्यांना विचारून उपयोग नसतो.” डार्सीने नाचाच्या वेळी एलिझाबेथचा अपमान केला, पुढे मागणी घातली, नकार खाल्ला, लांबलचक पत्र लिहिलं, हे सगळं सरांना माहीत होतं. पण त्यांचा डार्सी उभा राहिला तो घरच्या नोकरमाणसाच्या दोन वाक्यांवर, आणि तेही तो स्वतः तिथे हजर नसताना.

इथून मला वहीतल्या नोंदी वेगळ्या दिसायला लागल्या. लोकांना पात्रं आठवत होती ती प्रेमाचा फायदा नसलेल्या जागी. जिथे प्रेयसी बघत नाही, किंवा जिथे प्रेम बाजूला ठेवून दुसरं काहीतरी करणं भाग आहे, तिथे. फोन वाजत असताना हिशोब. नवं प्रेम असताना जुन्या नवऱ्याचं श्राद्ध.

आणि हे प्रेमकथेतच इतकं का घडतं, त्याचंही एक कारण असावं. लंडनला १९०८ मध्ये निघालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनापासून आजच्या मोबाइलवरच्या क्रमशः कथांपर्यंत या प्रकाराचा वाचकाशी करार ठरलेला आहे: प्रेम मध्यभागी हवं आणि शेवट आशेचा हवा. म्हणजे ‘दोघं एकत्र येतील का’ हा प्रश्न पुस्तक उघडण्याआधीच सुटलेला. शिमग्यात नमन-खेळे येतात तेव्हा संकासुराचं काय होणार हे पोराटोरांना पाठ असतं, तरी तो कसा येतो ते बघायला माणसं अर्धी रात्र बसतात, तसंच हे. शेवट माहीत असला की सगळी नजर माणसावर जाते. त्या माणसात बघण्यासारखं काही नसेल तर मग उरतात नुसते निळे डोळे.

या कसोटीवर सगळ्यात सणसणीत टीका झाली ती आपल्याच किनाऱ्यावर बेतलेल्या कादंबऱ्यांवर. पेटीत तसल्याही होत्या. मुंबईला नोकरीत थकलेली मुलगी आजोळच्या घरी येते, सोलकढी पिते, सूर्यास्त बघते, शेजारी आंबा बागायतदार तरुण असतो, दाढीवाला आणि अबोल. होमस्टेवाल्या वहिनींचे यजमान स्वतः बागायतदार. सहसा वर्तमानपत्रापलीकडे वाचत नाहीत, पण बायकोने पुढ्यात टाकली म्हणून त्यांनी ही वाचली आणि मला शोधत आले.

“मॅडम, हा माणूस एप्रिल महिन्यात तिचा हात धरून किनाऱ्यावर फिरतोय. सकाळी पण, संध्याकाळी पण. मग झाडावर कोण आहे?”

मी म्हटलं, गडी असतील.

“गडी असतील तर गड्यांवर बघायला कोण आहे? झेला धरायला माणूस मिळत नाही आम्हाला. पेट्या भरायच्या, पेंढा आणायचा, वाशीला गाडी किती वाजता सुटणार त्याच्यामागे लागायचं. मोहोर आला तेव्हा तुडतुड्यांसाठी फवारणी केली का यानं? एका पानावर तरी? ह्याला आंबा नाहीये हो. ह्याला बाग दिलीये फक्त, फोटोला.”

मी हसले, पण वहीत लिहिलं. ‘ह्याला बाग दिलीये फक्त, फोटोला.’ दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबे अलगद उतरवायला नूतन झेला काढला, तो इथे प्रत्येकाला माहीत. त्या नायकाच्या हातात एकदा जरी झेला आला असता, आणि नेमका तेव्हाच तिचा निरोप आला असता, तर यजमानांनी त्याला जन्मभर लक्षात ठेवलं असतं. तो झाड सोडून गेला असता तरी, नसता गेला तरी. कारण मग काहीतरी सोडावं लागलं असतं. ज्याच्याकडे वेळच वेळ आहे त्याने प्रेमाला वेळ दिला, यात देणं कुठलं आलं?

याच मुद्द्याला लागून फोनची भानगड. जुन्या कादंबऱ्यांत गैरसमज शंभर पानं टिकायचा, पत्र चुकीच्या हाती पडलं की काम झालं. आता दोन मिनिटांत फोन करून विचारता येतं. तर काही लेखक आमच्या किनाऱ्याचा उपयोग रेंज घालवण्यासाठी करतात. घाटात रेंज नाही, वादळात टॉवर पडला, आणि तेवढ्यात ती मुंबईला परत. कॉलेजच्या मुलींना हे मुळीच चालत नाही. “रेंज गेली म्हणून ब्रेकअप? आमची रोज जाते,” एकीने लिहायलाच लावलं. त्यांना आठवत होती अशी पात्रं, ज्यांचे फोन व्यवस्थित चालू आहेत आणि तरी बोलता येत नाही. एका नायकाने आपला बाप दारू पितो हे सांगायला निम्मं पुस्तक घेतलं. टाइप करतो, खोडतो, ‘जेवलीस का’ एवढंच पाठवतो. ‘जेवलीस का’वाला म्हणून तो आमच्याकडे प्रसिद्ध आहे. पुस्तकाचं नाव सांगितलं तर कुणी ओळखणार नाही.

हल्ली बऱ्याच कादंबऱ्यांत एक प्रकरण ती सांगते, एक तो. दोघांच्याही मनातलं सगळं उघडं. वाचायला सोपं जातं, पानं उलटतात. पण माझ्या वहीत अशा पुस्तकांतली माणसं कमी आली. ‘मला तिच्याबद्दल काय वाटतंय ते मलाच कळत नाही’ असं तो पानभर सांगतो, तेव्हा आपण त्याला ऐकतो, बघत नाही. डार्सीच्या डोक्यात ऑस्टेन फारशी शिरतच नाही, म्हणून आपल्याला कारभारणीचं ऐकावं लागतं. अर्थात हा नियम नाही. ‘जेवलीस का’वाला प्रथमपुरुषीच होता.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरची नोंद मला पुष्कळ दिवस पुरली. त्यांनी पाहुण्यांच्या पिशवीतली कोलीन हूवरची ‘इट एंड्स विथ अस’ नेली, २०१६ ची, पुढे काही वर्षांनी छोट्या व्हिडिओंमुळे जगभर पसरलेली. नायिका लिली फुलांचं दुकान काढते, नवरा न्यूरोसर्जन, देखणा, प्रेमळ, आणि मारणारा. सिस्टर म्हणाल्या, “बाळंत झाल्यावर मुलीला त्याच्या हातात देते आणि विचारते, उद्या हीच येऊन म्हणाली नवरा मारतो तर काय सांगशील. आमच्या वॉर्डात बायका जिना उतरताना पडलेल्या असतात सगळ्या. मी विचारत नाही, कारण सासू बाजूला उभी असते.” मग थोडं थांबून, “तिने ओरडून नाही विचारलं. म्हणून आठवतं.” ही प्रेमकथा म्हणायची की नाही यावर पुष्कळ वाद आहे. आमच्या सभेतही झाला. पण पात्र लक्षात राहण्याबद्दल म्हणाल तर नोंद इतकी पक्की, की दुसरी बाई येऊन वेगळं काही सांगेना.

आता अण्णा. त्यांचा खरा आक्षेप विसरण्यापेक्षा ‘त्या’ पानांवर होता हे उशिरा बाहेर आलं. वाचनालयात शाळेतली मुलं येतात, उद्या कुणी तक्रार केली तर? मी त्यांना चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ची आठवण करून दिली. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली ती कादंबरी अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष सुटला. अण्णा म्हणाले, “तो अंक मी चोरून वाचलाय, मला काय सांगतेस.” मग कपाटाचा वरचा खण प्रौढांसाठी ठेवायचं ठरलं आणि तो विषय मिटला. वहीतही त्या पानांबद्दल काही नाही. लोक माझ्याशी बोलायला लाजले असतील, मान्य. तरी नंतरच्या सकाळी चहा कुणी केला हे मात्र पुष्कळांनी सांगितलं.

अण्णांनाही मी सोडलं नाही. पेटीतली एक मराठी कादंबरी घरी नेली, ‘वेळ जात नव्हता म्हणून’. शेवटाकडे या कथांत एक ठरलेली ताटातूट असते आणि मग नायक मोठा देखावा करून तिला परत मिळवतो. विमानतळ, भर पाऊस, तिच्या ऑफिसात सगळ्यांसमोर गुडघे टेकणं. हे देखावे लोकांना कायम चुकीचे आठवतात, एका पुस्तकातला पाऊस दुसऱ्यात पडतो. अण्णांनी सांगितलेलं वेगळंच होतं. “तिने महिनाभर भेटू नको म्हणून सांगितलं होतं. हा बहिणीकडे कामाला गेला, तेव्हा तिच्या गल्लीतून जवळ पडलं असतं. लांबून गेला. आणि हे तिला शेवटपर्यंत कळत नाही.” पुढे म्हणाले, “आमच्या पेंडशांचा बापू गेला असता सरळ दारात. पण तो बापू.”

‘गारंबीचा बापू’ १९५२ ची, आणि श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. बापू आणि राधा इथे अजून गावातल्या माणसांसारखे बोलण्यात येतात, हे मी लहानपणापासून ऐकते आहे. आडगल्लीने जाणारा तो पोरगा त्यांच्या रांगेत बसवणं जरा जास्तच होईल. पण अण्णांनी त्याला बापूशी भांडायला उभं केलं, तेही सभेत, इतिवृत्त लिहिणाऱ्यासमोर.

खरेदीची यादी वहीवरून केली. जी पुस्तकं दोन वेगळ्या वयाच्या वाचकांना एकाच माणसासाठी आठवली ती आधी घेतली, बाकीची पेटीत परत. आंबा बागायतदार परत गेला. मुलींनी मागितलेली ‘फेक डेटिंग’ची मात्र कुणाला काहीही न आठवता दोन घेतली, कारण वर्गणी त्याही भरतात आणि माझ्या वहीसाठी कुणी वाचत नाही. वही अजून टेबलाच्या खणात आहे. परवा वितरकाची नवी यादी आली, तीत बेकरीवालीचा दुसरा भाग निघाल्याचं दिसलं. मावशी दिसल्या तशी त्यांना उत्साहाने सांगितलं.

“लग्न होतं का त्यात त्यांचं?” त्यांनी विचारलं.

होत असणार, मी म्हटलं.

“तां होऊंदे. तिचा कर्ज फिटतंय का ता आदी तू बघून सांग. फिटत नसंल तर नेत नाय.”